एक, दोन की तीन? जुळ्याच्या सुरुवातीचं स्पॉटिंग : एक प्रकरण

हे प्रकरण कुणा एकीचं नाही. जुळ्याच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत ज्या गोष्टी वारंवार एकत्र येतात त्या जुळवून ते रचलं आहे. मापं मात्र त्या त्या आठवड्यात जशी दिसतात तशीच ठेवली आहेत. लिहायचं कारण एवढंच की स्पॉटिंगबद्दल, म्हणजे गर्भारपणात थोडंथोडं रक्त दिसण्याबद्दल, जे काही वाचायला मिळतं ते जवळजवळ सगळं आत एकच गर्भ आहे असं धरून लिहिलेलं असतं. आत दोन असतील तर त्यातला अर्धाच सल्ला लागू पडतो, आणि नेमका कुठला अर्धा हे कुणी सांगत नाही.

आधीचं थोडं

वय 31. याआधी एकदा दिवस राहिले होते, पण आठव्या आठवड्यात गर्भपात झाला. पुढे पाळी लांबायला लागली, बीज वेळेवर तयार होईना, म्हणून लेट्रोझोलच्या गोळ्या आणि शेवटी बीज फुटण्याचं इंजेक्शन. त्या महिन्याच्या फॉलिकल तपासणीत दोन मोठी फॉलिकल्स (बीज वाढतं त्या पिशव्या) दिसली होती, म्हणजे जुळ्याची शक्यता कागदावर आधीपासून होती. इंजेक्शनची तारीखही कागदावर होती, आणि पुढे तीच जास्त कामाला आली. नुसत्या पाळीवरून दिवस मोजले की 'बीज उशिरा फुटलं असेल, गर्भ आठवडाभर लहान असेल' अशी एक वाट नेहमी मोकळी राहते. आशा म्हणून ती बरी, पण निदानाच्या आड येते. इथे ती वाट बंद होती.

रक्तगट पॉझिटिव्ह, त्यामुळे निगेटिव्ह गटाच्या आईला देतात त्या अँटी-डी इंजेक्शनचा प्रश्न आला नाही. निगेटिव्ह असता तर पहिल्याच भेटीत तो विषय निघाला असता. 12 आठवड्यांच्या आतल्या थोड्याशा रक्तस्रावाला ते इंजेक्शन द्यावं का, याबद्दल निरनिराळ्या संस्थांच्या सूचना एकसारख्या नाहीत. तेव्हा आपला रक्तगट डॉक्टरांना आठवणीने सांगायचा आणि त्यांनाच विचारायचं.

4 आठवडे 3 दिवसांना बीटा एचसीजी (गर्भारपणाचं रक्तातलं हॉर्मोन) 410 आलं, दोन दिवसांनी 980. थोरल्या बहिणीने फोनवरच निकाल देऊन टाकला, "अगं, एवढं चढलंय म्हणजे जुळंच आहे बघ." पुढे ते खरं निघालं, पण त्यात आकड्याचं श्रेय नाही. जुळ्यांत बीटा सरासरीने जास्त असतं हे खरं. मात्र एकट्या गर्भाचे आकडे आणि जुळ्याचे आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात की 410 वरून एक की दोन हे कुणालाच सांगता येत नाही.

5 आठवडे 3 दिवसांना पहिली सोनोग्राफी झाली. गर्भाशयात योग्य जागी एक सॅक (गर्भाची पिशवी), तिच्यात योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोसणारी छोटी पिशवी). रिपोर्टवर आलं, 'एक गर्भ'. हे घाईचं होतं. इतक्या लवकर केलेल्या सोनोग्राफीत दुसरी सॅक नजरेतून सुटणं अजिबात नवलाचं नाही. ती दोन-तीन मिलिमीटरची असते, कोपऱ्यात असते, आणि एक सापडली की शोधणारी नजर सैल पडते. एकाच सॅकमध्ये दोन गर्भ असतील तर ते कळायला त्याहून जास्त दिवस जातात. मला विचाराल तर सातव्या आठवड्याआधीच्या रिपोर्टवर संख्या लिहिताना शेजारी 'आज दिसलेली' असे दोन शब्द असायला हवेत.

डाग

बरोबर 6 आठवड्यांना सकाळी टिश्यूवर तपकिरी डाग दिसला. ती प्रोजेस्टेरॉनची (गर्भारपण टिकवणाऱ्या हॉर्मोनची) गोळी रात्री योनीत ठेवत होती, त्यामुळे गोळीच्या पांढऱ्या अवशेषात मिसळून तो रंग विचित्र, मातकट दिसत होता. दुपारी काही नाही. संध्याकाळी फिकट गुलाबी, पॅडवर नाण्याएवढा. पोटात कळ नाही, कंबर थोडी भरून आलेली.

पहिल्या तीन महिन्यांत साधारण दर चार-पाच गर्भवतींपैकी एकीला कमीअधिक रक्त दिसतं आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं गर्भारपण नीट पुढे जातं. तपकिरी म्हणजे थोडं जुनं, थांबून बाहेर आलेलं रक्त. लाल म्हणजे ताजं. रंगावरून याहून जास्त काही कळत नाही. प्रमाण आणि दुखणं यावरून मात्र कळतं: पाळीसारखं किंवा त्याहून जास्त रक्त, सोबत कळा, असं असेल तर धोका खरोखर वाढलेला असतो. हिचं तसं नव्हतं.

आधीच्या अनुभवाने ती घाबरलेली होती. डॉक्टरांना न विचारता तिने पुन्हा बीटा केलं: 21,000. दोन दिवसांनी परत: 27,500. नवऱ्याने कॅल्क्युलेटरवर टक्केवारी काढली, जेमतेम 31. रात्री दोघांनी मोबाइलवर वाचलं की 48 तासांत किमान 33 टक्के तरी वाढायला हवं. दोन टक्क्यांनी नापास.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या आकड्याने त्या दोघांची जी झोप उडवली तिचं कारणच नव्हतं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे एकॉगने, 2018 मध्ये दिलेल्या किमान वाढीच्या पायऱ्या अशा आहेत: सुरुवातीचं बीटा 1,500 पेक्षा कमी असेल तर दोन दिवसांत 49 टक्के, 1,500 ते 3,000 असेल तर 40, आणि 3,000 च्या वर 33. या पायऱ्या कशासाठी आहेत? गर्भ कुठे आहे हेच अजून सोनोग्राफीत दिसलेलं नाही, गर्भाशयात की नळीत याचा पत्ता नाही, अशा वेळी. एकदा सॅक आणि योक सॅक गर्भाशयात दिसली की बीटाचं काम संपलं. शिवाय आकडा दहा-वीस हजारांच्या घरात गेला की वाढ आपोआप मंदावते आणि आठव्या ते दहाव्या आठवड्याच्या सुमारास ती शिखरावर जाऊन उतरायला लागते. दुपटीचं गणित तिथे लावायचंच नसतं.

जुळ्याच्या बाबतीत याहून मूलभूत अडचण आहे. बीटा हा बेरजेचा आकडा आहे. दोन्ही गर्भांच्या वारा (प्लॅसेंटा) मिळून जे हॉर्मोन रक्तात सोडतात ते एकत्र मोजलं जातं. एक जोमात वाढत असेल आणि दुसरा थांबत आला असेल तर बेरीज रेंगाळत वाढते, आणि त्या रेंगाळण्यावरून कोण चाललंय, कोण थांबलंय, की दोन्ही ठीक आहेत, यातलं काहीच उलगडत नाही. 31 टक्के या आकड्याने कुठल्याही एका गर्भाबद्दल काही सांगितलं नव्हतं. त्याने फक्त त्या दोघांना घाबरवलं.

6 आठवडे 2 दिवस

दुसऱ्या बीटाच्याच दिवशी, आतून केलेल्या सोनोग्राफीत चित्र असं निघालं.

'अ' : सॅक 15 मिमी, योक सॅक, 4.6 मिमीचा गर्भ, ठोके मिनिटाला 112.

'ब' : गर्भाशयाच्या वरच्या कोपऱ्यात वेगळी सॅक, 8 मिमी, आत योक सॅक, गर्भ दिसत नाही.

आणि खाली, गर्भाशयाच्या तोंडाच्या बाजूला, काळसर पोकळीसारखं काहीतरी. रिपोर्टच्या शेवटी तीन ओळी होत्या. जुळं. 'ब' ब्लाइटेड, म्हणजे आत गर्भ न वाढलेली सॅक, पुढे प्रश्नचिन्ह. तिसरी सॅक किंवा रक्तसाका, पुढे पुन्हा प्रश्नचिन्ह.

म्हणजे आठवड्याभरात एकाचे दोन झाले, दोनाचे कदाचित तीन, आणि त्याच कागदावर त्यातलं एक कदाचित गेलेलं. असा कागद हातात घेऊन बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाला नेमकं काय वाटायला हवं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

तिसऱ्या सॅकचा प्रश्न डॉक्टरबाईंनी पडद्यावरच सोडवला. खऱ्या सॅकला भोवती जाड, चकाकणारी कड असते. ती गोल किंवा लंबगोल असते, अस्तरात रुतलेली असते, आणि या वयात आत योक सॅक असायला हवी. ही पोकळी चंद्रकोरीच्या आकाराची होती, भिंतीला लगटून पसरलेली, कड नाही, आत काही नाही. ती होती सॅकचं आवरण आणि गर्भाशयाची भिंत यांच्या मधे साचलेलं रक्त, म्हणजे सबकोरिऑनिक हिमॅटोमा. तिळ्याची भीती, किंवा तिळ्याची हुरहूर, तिथेच मिटली. दोन्ही अंडाशयं, नळ्यांची बाजू आणि पोटातलं पाणी हेही पाहून झालं. बीज तयार करायची औषधं घेतलेली असताना हे वगळायचं नसतं, कारण एक गर्भ गर्भाशयात आणि दुसरा नळीत अशी जोडी क्वचित का होईना पडते, आणि आतला एक दिसला की समाधान मानून सोनोग्राफी थांबवली जाते. मग स्पेक्युलमने, म्हणजे योनी उघडून पाहायच्या साधनाने, तपासणी: रक्त गर्भाशयाच्या तोंडातून येत होतं, तोंड बंद होतं, तोंडावर जखम किंवा पॉलिप नव्हता. ही दोन मिनिटांची तपासणी हल्ली सोनोग्राफीच्या भरात पुष्कळदा राहून जाते.

उरला 'ब'. नवऱ्याने विचारलं, "मॅडम, रिपोर्टमध्ये ब्लाइटेड लिहिलंय. म्हणजे ते गेलंय का?"

"प्रश्नचिन्ह घालून लिहिलंय," त्या म्हणाल्या. "हे बघा, या बाजूला ठोके आहेत, हे पक्कं. त्या बाजूबद्दल मी आज 'आहे' म्हणणार नाही आणि 'गेलं'ही म्हणणार नाही. लहान आहे, मागे आहे, हे मलाही दिसतंय. पण आज ठरवण्याइतकं मोठं ते नाही."

या वाक्यामागे नियम आहे, नुसता धीर देणं नाही. गर्भ थांबला आहे असं एकाच सोनोग्राफीवरून पक्कं म्हणायचं तर गर्भ 7 मिमी किंवा त्याहून मोठा असून ठोके नसावेत, किंवा सॅक सरासरी 25 मिमी किंवा मोठी असून आत गर्भ नसावा. अमेरिकेतल्या सोनोग्राफी-रेडिओलॉजी तज्ज्ञांच्या गटाने 2012 मध्ये हे ठरवलं आणि 2013 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याआधी मर्यादा खाली होत्या, गर्भासाठी 5 मिमी. दोन तपासनीसांच्या मापात फरक सहज पडतो हे लक्षात आल्यावर त्या वर नेल्या गेल्या, जेणेकरून जिवंत गर्भाला चुकून 'गेला' असा शिक्का बसू नये. मापं त्याहून लहान असतील तर निकाल वेळेवर सोडायचा: सॅक दिसते पण योक सॅक नाही, तर 14 दिवसांनी किंवा नंतर; योक सॅक दिसते, तर 11 दिवसांनी किंवा नंतर. तोवर ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तर मग पक्कं.

'ब' मध्ये योक सॅक होती. डॉक्टरबाईंनी 8 आठवडे पुरे होतात ती तारीख दिली, म्हणजे 12 दिवसांनंतरची. तिला उद्या यायचं होतं. परवा तरी. त्या नाही म्हणाल्या, आणि मला ते पटतं. दोन दिवसांनी केलेल्या सोनोग्राफीत तेच प्रश्नचिन्ह पुन्हा छापून आलं असतं.

एकट्या गर्भाच्या आणि जुळ्याच्या स्पॉटिंगमध्ये खरा फरक इथे पडतो. एकच गर्भ असता तर निकालावर पुढचा उपचार अवलंबून असतो: गोळ्या, की पिशवी साफ करणं, की वाट पाहणं. म्हणून तिथे निकालाची थोडी घाई समजण्यासारखी आहे. इथे 'अ'चे ठोके चालू आहेत. 'ब' असो वा नसो, आज त्याबद्दल काहीच करायचं नाही. कुठली गोळी नाही, कुठली प्रक्रिया नाही. मग निकाल लवकर लावून मिळवायचं काय? प्रश्न प्रत्येक गर्भाला वेगळा विचारायचा, आणि ज्याचं उत्तर आज नाही त्याच्यापुढे प्रश्नचिन्हाबरोबर तारीख लिहायची. रिपोर्टवर नुसतं प्रश्नचिन्ह सोडलं की ते बाईच्या डोक्यात पूर्णविराम होऊन बसतं.

मधले दिवस

बेडरेस्टबद्दल तिने विचारलंच. झोपून राहिल्याने गर्भपात टळतो याला आधार नाही. 2005 च्या कॉक्रेन आढाव्यालाही तो सापडला नव्हता. दिवसचे दिवस पडून राहण्याने पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका मात्र वाढतो, आणि गर्भारपणात तो आधीच थोडा जास्त असतो. तिला सांगितलं गेलं ते एवढं: जड उचलू नका, रक्त दिसतंय तोवर संबंध टाळा, बाकी रोजचं चालू ठेवा. उठून न्हाणीघरात गेल्यावर रक्त जास्त दिसतं ते उठल्यामुळे सुटलेलं नसतं, आडवं असताना साठलेलं तेवढं बाहेर येतं. हे तिला आधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिच्या मते सगळ्या सल्ल्यांत हेच सर्वात उपयोगी पडलं.

प्रोजेस्टेरॉन चालू ठेवलं. ब्रिटनमधल्या प्रिझम या चाचणीत, जिचे निष्कर्ष 2019 मध्ये आले, सुरुवातीला रक्त जाणाऱ्या 4,153 स्त्रिया होत्या. सगळ्यांचा मिळून हिशेब केला तर फरक ठळक नव्हता: प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्यांत 75 टक्क्यांना जिवंत बाळ, न घेणाऱ्यांत 72. पण आधी गर्भपात झालेल्या स्त्रियांत फायदा दिसला, आणि तीन किंवा जास्त गर्भपात झालेल्यांत तो सर्वात मोठा होता, 72 विरुद्ध 57. त्यावरून ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये सूचना बदलली: गर्भ गर्भाशयात असल्याची खात्री आहे, रक्त जातंय आणि आधी गर्भपात झालेला आहे, अशा स्त्रीला 400 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. हिची केस त्यात बसत होती. मात्र थांबत आलेल्या 'ब'ला त्या गोळीने चालना मिळेल असं कुणी म्हणू नये. गुणसूत्रांत बिघाड असलेल्या गर्भाला कुठलंच औषध वाचवू शकत नाही, आणि लवकरच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास कारण तेच असतं.

कधी थांबायचं नाही, थेट यायचं, हेही कागदावर लिहून दिलं: तासाला दोन पॅड पूर्ण भिजतायत आणि सलग दोन तास तेच चाललंय, एका बाजूला टोचून दुखतंय, खांदा दुखतोय, चक्कर, घेरी, ताप किंवा वास येणारा स्राव.

7 आठवडे

संध्याकाळी एकदम लालभडक रक्त आलं, पॅड अर्धा भरला, आणि अंगठ्याच्या पेराएवढी गाठ पडली. तिने ती गाठ टाकून न देता स्वच्छ डबीत घेतली. हे फार शहाणपणाचं केलं. पाण्यात धुऊन पाहिल्यावर ती विरघळत गेली, नुसतं गोठलेलं रक्त होतं, पांढरट तंतुमय भाग नव्हता.

रात्रपाळीच्या डॉक्टरांनी नाडी, बीपी, हिमोग्लोबिन पाहिलं, सगळं जागेवर. गर्भाशयाचं तोंड बंद. सोनोग्राफीत 'अ' 9.4 मिमी, ठोके 132. म्हणजे पाच दिवसांत जितका वाढायला हवा तितका वाढलेला. 'ब' मध्ये आता 2.8 मिमीचा गर्भ दिसला, ठोके नव्हते. रक्तसाका आधीपेक्षा मोठा.

"दुसरं गेलंय," असं तिथे सांगण्यात आलं.

शक्यता तीच होती, कुणीही पैज लावली असती. पण 2.8 म्हणजे 7 नाही, आणि 11 दिवस व्हायचे होते. नियमाने अजून काहीच ठरलेलं नव्हतं. मला त्या वाक्यात खटकतं ते त्याचं चुकीचं असणं नाही. पुढे ते बरोबरच ठरलं. खटकतो तो क्रम. 'गेलंय' हा शब्द आधी आला, आणि त्यानंतर 'अ'चे ठोके चांगले आहेत, तो अगदी वेळापत्रकाप्रमाणे वाढतोय, हे जे सांगितलं गेलं ते तिच्या कानात शिरलंच नाही. घरी परत येताना नवऱ्याने दोनदा सांगितलं, "अगं, एकाचे ठोके छान आहेत म्हणाले ते." तिने विचारलं, "कधी म्हणाले?"

जुळ्याची सोनोग्राफी सांगताना ठोके असलेल्या गर्भापासून सुरुवात करावी, हा नियम कुठल्या मार्गदर्शक सूचनेत मी वाचलेला नाही. पण असायला हवा.

8 आठवडे

'अ' 16 मिमी, ठोके 168. 'ब' 3 मिमी, ठोके नाहीत, सॅकची कड चेपलेली, आकार वेडावाकडा. योक सॅक पहिल्यांदा दिसल्याला 12 दिवस झाले होते. आता पक्कं.

तिचा पहिला प्रश्न दु:खाचा नव्हता, भीतीचा होता. "गेलेलं बाळ आत राहिलं तर दुसऱ्याला विषबाधा होईल का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक जण विचारते, कधी मोठ्याने, कधी मनात. उत्तर: दोघांच्या वारा वेगळ्या असतील आणि हे पहिल्या तीन महिन्यांत घडलं असेल, तर नाही. 'ब'ची वाढ थांबली, तो हळूहळू आकसतो, शरीर तो शोषून घेतं. काही काढावं लागत नाही, आणि काढायचा प्रयत्न करणंच 'अ'च्या जिवावर बेतू शकतं. हे दुर्मीळही नाही. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, लवकर सोनोग्राफी केलेल्या गर्भारपणांच्या एका मोठ्या अभ्यासात 12 आठवड्यांच्या आत जुळ्यांपैकी 36 टक्के, तिळ्यांपैकी 53 टक्के आणि चौघांपैकी 65 टक्के गर्भारपणांत एखादी सॅक किंवा गर्भ आपोआप कमी झालेला आढळला. पूर्वी, जेव्हा पहिली सोनोग्राफी उशिरा व्हायची, तेव्हा यातली बहुतेक जुळी कुणाला कळलीही नसती. थोडा रक्तस्राव, मग एक बाळ, संपलं.

वार एकच असती तर मी इतकं निश्चिंत लिहिलं नसतं. एका वारेतल्या जुळ्यांत रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात. पुढच्या महिन्यांत एक गेलं तर वाचलेल्याचं रक्त त्या वाटेने ओढलं जाऊन त्याच्या मेंदूला इजा किंवा मृत्यू होऊ शकतो. म्हणून वारा किती हे ठरवणं हे जुळ्याच्या पहिल्या सोनोग्राफ्यांचं सगळ्यात मोठं काम. नेहमी ते 11 ते 14 आठवड्यांच्या दरम्यान, सॅकमधल्या पडद्याचं वारेला मिळणारं टोक पाहून ठरवतात. पण एक गर्भ त्याआधीच आटून गेला तर तो पुरावाही त्याच्याबरोबर जातो. हिच्या बाबतीत 6 आठवडे 2 दिवसांच्या छायाचित्रात दोन सॅक स्वतंत्र, प्रत्येकीला आपली जाड कड, मधे अस्तर, असं स्वच्छ दिसत होतं; म्हणजे वारा दोन, यात शंका नाही. ते छायाचित्र फाइलमध्ये वरच लावलं गेलं. लवकरच्या सोनोग्राफीच्या घाईबद्दल वर इतकं बोललो, पण हा तिचा एक खरा फायदा आहे.

"एक तरी आहे ना," हे तिला पुढच्या काही आठवड्यांत अनेकांनी ऐकवलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ज्या बाईला एकाच पडद्यावर एकीकडे ठोके आणि शेजारी शांतता दाखवली गेली आहे, तिला दोन्ही गोष्टी एकाच वेळी वाटतात आणि दोन्हींना जागा लागते. बहिणीने ते बरोबर ओळखलं. तिने फक्त विचारलं, "येऊ का तुझ्याकडे दोन दिवस?" आणि आली.

नंतर

डाग दहाव्या आठवड्यापर्यंत येत-जात राहिले, बहुतेक तपकिरी. रक्तसाका प्रत्येक सोनोग्राफीत थोडा लहान.

12 आठवड्यांना 'अ' 56 मिमी, मानेमागचं पाणी म्हणजे एनटी मर्यादेत. 'ब'च्या जागी चपटी, रिकामी खूण. इथे एक निर्णय घ्यावा लागला जो सहज चुकू शकतो. या वेळी रक्तातून करायच्या चाचण्या, डबल मार्कर काय किंवा आईच्या रक्तातल्या गर्भाच्या डीएनएची एनआयपीटी काय, 'ब'मुळे बिघडू शकतात. थांबलेल्या गर्भाच्या वारेतून डीएनए आणि प्रथिनं काही आठवडे आईच्या रक्तात येत राहतात. 'ब' थांबला तो गुणसूत्रांच्या दोषाने असेल तर तो दोष चाचणीत दिसेल आणि बोट दाखवलं जाईल निरोगी 'अ'कडे. म्हणून रक्तचाचण्या बाजूला ठेवल्या, एनटी आणि पुढची तपशीलवार सोनोग्राफी यांच्यावर भर दिला. ज्यांना तरी एनआयपीटी करायचीच आहे त्यांनी प्रयोगशाळेच्या फॉर्मवर 'सुरुवातीला जुळं, एक नाहीसं' हे लिहिलंच पाहिजे. हे लपवून केलेली चाचणी न केलेली बरी.

20 आठवड्यांची सोनोग्राफी स्वच्छ. लवकर एक गर्भ गेलेल्या गर्भारपणांत बाळ थोडं आधी किंवा थोडं कमी वजनाचं होण्याची शक्यता काही अभ्यासांत किंचित जास्त दिसली आहे, म्हणून 28 आणि 34 आठवड्यांना वाढ मोजली गेली. 38 व्या आठवड्यात प्रसूती झाली, बाळ ठीक.

एक गोष्ट ठरली नाही ती नाहीच: रक्त आलं कुठून? माझा कल रक्तसाक्याकडे आहे. 'ब' थांबल्यानंतरही रक्त येत राहिलं आणि साका आटत गेला तसं थांबलं. शिवाय साका खाली, तोंडाजवळ होता आणि 'ब' वरच्या कोपऱ्यात. पण 'ब'ची वार भिंतीपासून सुटताना रक्त तिथून सुरू झालं आणि उतारावर खाली येऊन साचलं, असंही असू शकतं. सोनोग्राफीला दोन्ही एकसारखंच दिसतं. प्रसूतीनंतर वार उलटसुलट करून पाहिली. कडेला एक कडक, पिवळट पट्टा होता, बोटभर लांबीचा. तो 'ब'चा अवशेष असेल किंवा वारेत एरवीही सापडणारा फायब्रिनचा (रक्त गोठताना तयार होणाऱ्या प्रथिनाचा) थर असेल. तपासणीला पाठवला नाही, कारण उत्तर काहीही आलं असतं तरी त्यावरून करण्यासारखं काही उरलं नव्हतं.